पोटमाळ्यावरचा पांगुळगाडा

एकदा एक व्यापारी अर्ध्या जेवणावरून उठला, हात धुतले आणि भर उन्हात आपल्या गुरुजींच्या घराकडे चालू लागला. वय छप्पन्न, बाजारपेठेत मान, अंगावर इस्त्रीचा सदरा. पण घरात पेच पडला, तेव्हा त्याला शाळेतले गुरुजीच आठवले. गुरुजी आता पंचाहत्तरी ओलांडलेले. ओसरीवर शेंगा सोलत बसले होते.

"गुरुजी, मुलगा चाललाय. पुण्याला. सूनही."

"का रे?"

"दुकानाची डावी बाजू मी बंद करतोय म्हणून."

या दुकानाला दोन बाजू होत्या. डावीकडे मुलगा बसायचा. तिथे सायकली, दप्तरं, हत्यारं, छोट्या संसाराला लागणाऱ्या वस्तू. उजवीकडे व्यापारी स्वतः. तिथे आरामखुर्च्या, काठ्या, गुडघ्याचे पट्टे, फिरायला जायचे पांढरे बूट, आणि भिंतीला यात्रा कंपन्यांच्या चारधाम सहलींची पत्रकं. उजवीकडे पाय ठेवायला जागा नसायची, डावीकडे माश्या मारत बसावं लागायचं. तेव्हा व्यापाऱ्याने ठरवलं की डावी बाजू मोडून सगळं दुकान ज्येष्ठांच्या मालाचं करायचं. संध्याकाळी पाच वाजता ठोक मालवाल्याचा माणूस मोठी मागणी लिहून घ्यायला येणार होता.

"माल मागवला तर मुलगा जातो, न मागवला तर दुकान बसतं," व्यापारी म्हणाला. "आणि खरं सांगू? रोज सकाळी मैदानावर तुमचा हास्यक्लब हसतो ना, तो आवाज ऐकला की मी गिऱ्हाइकं मोजू लागतो. मनात येतं, ही माणसं आहेत तोवर ठीक. यांच्यानंतर माझ्या दारात कोण येणार? असं मनात आणणं पाप आहे, कळतं मला. पण येतं."

गुरुजींना राग आला नाही. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, चपला पायात अडकवल्या आणि म्हणाले, "चल. तुझा पोटमाळा उघड."

"पोटमाळा? तिथे अडगळ आहे नुसती."

"तीच बघायचीय."

दुकानात मुलगा डाव्या बाजूचा माल खोक्यांत भरत होता. त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. बापलेकांत सकाळपासून शब्द नव्हता. व्यापाऱ्याने शिडी लावली, वर चढला, आणि गुरुजी खालून विचारू लागले, "काय दिसतंय?"

"टीव्हीचे अँटेना. वीसेक असतील."

"त्याच्या मागे?"

"रुखवताचे हंडे. वडिलांनी आणलेले. मग सायकलींचे दिवे... आणि पाट्या. लाकडी चौकटीच्या. ढीग आहे."

"अगदी शेवटी, भिंतीला लागून?"

व्यापारी धुळीत खोकला. "पांगुळगाडे. आजोबांच्या वेळचे."

"एक खाली दे."

व्यापारी पांगुळगाडा घेऊन खाली आला. लाकडी, तीन चाकांचा, लाल रंग उडालेला. गुरुजींनी तो उपरण्याने पुसला, कमरेत वाकून त्याची दांडी दोन्ही हातांनी धरली, आणि उजव्या बाजूच्या काठ्या-खुर्च्यांमधून खडखड करीत चालू लागले. टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. दारातल्या बाकावर बसलेली त्यांच्या वयाची मंडळी आधी चकित झाली, मग खो खो हसली. व्यापाऱ्याला मात्र हसू येईना. गुरुजींची कंबर धरली तर काय, ही एक धास्ती. आणि म्हाताऱ्याला चळ तर लागला नाही, ही दुसरी.

गुरुजी खुर्चीत टेकले. धाप ओसरू दिली. मग म्हणाले,

"अरे, मी चालायला शिकलो ते तुझ्या आजोबांनी विकलेल्या असल्याच गाड्यावर. धरण झालं, साखर कारखाना आला, दवाखाना आला, आणि पाच-सात वर्षांत गावात घरोघरी पाळणा हलला. इतकी मुलं यापूर्वी गावात कधी जगली नव्हती. ती आम्ही. आम्ही रांगलो तेव्हा तुझ्या आजोबांनी पांगुळगाडे विकले. शाळेत गेलो तेव्हा पाट्या. नोकरीला लागलो तेव्हा तुझ्या वडिलांनी सायकली विकल्या, लग्नं झाली तेव्हा हंडे. तू टीव्ही विकलेस, आता काठ्या विकतोस. तुम्हा तिघांना वाटलं, आपण गावाला माल विकतो. तुम्ही एकाच पंगतीला वाढत होतात. आणि दर वेळी पंगत पुढच्या पदार्थावर गेली की मागच्या पदार्थाचं पातेलं तुमच्या पोटमाळ्यावर जाऊन बसलं."

व्यापाऱ्याने वर पोटमाळ्याकडे पाहिलं. 'गर्दी तिथे गल्ला' हे त्याच्या आजोबांचं वचन. घरात ते देवाच्या श्लोकासारखं पाठ होतं. आणि प्रत्येक पिढीने सर्वांत मोठी मागणी नेमकी गर्दी पांगायच्या वर्षी दिली होती. त्याला पाच वाजता येणारा माणूस आठवला आणि त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"दोष तुझा एकट्याचा नाही," गुरुजी म्हणाले. "आम्ही संख्येने फार, म्हणून बाजार आमच्याच पावलांनी चालला. आम्हाला चावेना, तर खानावळीतल्या मिसळीची तर्री गेली. आम्हाला फिरायचं, तर शाळेच्या मैदानाला फरशी बसली. आम्ही मागितलं असं नाही रे. आमच्याकडे बघून गावाने आपणच दिलं. आणि आम्हीही 'पुरे' म्हणून पानावर हात आडवा धरला नाही. दुसरी पंगत पाठीशी उभी असते, पण वाढप्याचं तोंड पहिल्या पंगतीकडे. तिला काय हवं, हे कुणी विचारलंय का कधी?"

व्यापारी शिडीपाशी उभा होता. तिथून डाव्या बाजूपर्यंतचं अंतर दहा पावलांचं; पण बाप होऊन मुलाला विचारायला जाणं सोपं नसतं. शेवटी तो गेला.

"डावीकडे काय ठेवू?" तो म्हणाला. "तू सांग."

मुलाच्या हातातली सुतळी तशीच राहिली. "मला विचारताय, आप्पा?"

"हो."

त्याने सुतळी खोक्यावर ठेवली. या प्रश्नाचं उत्तर त्याने कधी तयार ठेवलंच नव्हतं. मग म्हणाला, "मालाचं नंतर बघू. माल घ्यायला माणसं तर हवीत! माझ्या वयाचे तिघे याच वर्षी गाव सोडून गेले. कामं होती त्यांना इथे. राहायला दोन खोल्या मिळेनात. अर्ध्या गावाच्या माड्यांना कुलपं आहेत, आप्पा. आणि ती कुलपं आपणच विकलीत."

बाकावरचं हसणं थांबलं. आपापल्या माडीचं कुलूप प्रत्येकाला आठवलं असावं. गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांच्याही माडीवर तीन खोल्या होत्या. परदेशातली लेक तीन वर्षांतून एकदा येते, तिच्यासाठी झाडून-पुसून बंद ठेवलेल्या. सांगायला आलेला माणूस ऐकून घेत बसला होता.

थोड्या वेळाने त्यांनी जानव्याला अडकवलेली किल्ली सोडवली आणि पांगुळगाड्याच्या दांडीवर ठेवली. "त्या तिघांपैकी कुणाला परत यायचं असेल तर कळव," ते मुलाला म्हणाले. "लेक आली तर माझ्या खोलीत निजेल. मी ओसरीवर. एवढं साधं मला इतकी वर्षं सुचलं नाही बघ."

पाच वाजता ठोक मालवाल्याचा माणूस आला. व्यापाऱ्याने ठरवली होती त्याच्या निम्मीच मागणी लिहून दिली. त्यात एक आरामखुर्ची गुरुजींची, कारण कंबर खरोखरच धरली होती.

मुलाने खोकी त्या दिवशी सोडली नाहीत. पण पुढे बांधलीही नाहीत. पांगुळगाडा दारात उभा राहिला. गावात पाळणा हलेल त्या घरी तो पोचवायचा होता. शेवटचा पाळणा कुठे हलला होता हे व्यापारी आठवू लागला, आणि दिवेलागण झाली तरी त्याला ते आठवलं नाही.

जो पहिल्या पंगतीला बसला आहे, त्याने जेवता जेवता एकदा मागे वळून पाहावं.