चांगदेवानं बाळाचं दूध टाकणं थांबवलं

कुण्या एका गावात चांगदेव नावाचा एक भोळा बाप होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, पण समोर पोरंबाळं बसलीत, तेव्हा तो राहू द्या.

त्याची बायको सुरेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगा झाला. दोन महिने उलटले, तसा चांगदेव नवा सदरा घालून दोघांना आणायला सासुरवाडीला पोचला. सासरे तात्या ओट्यावरच बसले होते.

"जावईबापू," तात्या म्हणाले, "पोरगं गुटगुटीत आहे. पण प्यायलेलं दूध वर काढतंय. डॉक्टर म्हणाले, लहानपणी असतं असं, जरा जपून पाजा. हे जपणं तुम्हाला जमतंय का, ते आधी मला बघू द्या. जमलं तर रविवारी बारसं उरकून दोघांना धाडतो. नाही जमलं तर लेक आणि नातू इथंच राहतील, पोराला दात येईपर्यंत."

बायकोवाचून चांगदेवाला करमत नव्हतं. मुलाला तर त्यानं अजून नीट मांडीवरही घेतलं नव्हतं.

"मामा, तुम्ही फक्त सांगा," तो म्हणाला. "सांगितलेलं मी कधी मोडत नाही."

हे मात्र खरं होतं. सगळा घोळ त्यातूनच व्हायचा.

सुरेखानं बाळाला पाजलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. चांगदेवाला काय आनंद झाला! "आला रे माझा राजा!" म्हणत त्यानं बाळाला वर उचललं, खाली आणलं, डावीकडं झुलवलं, उजवीकडं झुलवलं. तिसऱ्या झोक्याला सगळं दूध नव्या सदऱ्यावर.

सासूबाई धावत आल्या. "अहो, पाजल्यावर कुणी झुलवतं का? पोट भरलं की आडवं करायचं नाही, हलवायचं नाही. छातीशी उभं धरायचं, पाठीवर हात फिरवायचा. ढेकर आल्याशिवाय सोडायचं नाही."

"एवढंच ना, मामी?" चांगदेव म्हणाला, आणि त्यानं ते तीनदा घोकलं.

दुपारी तात्यांनी पाच पुरणपोळ्या खाल्ल्या, वर वाटीभर तूप. हात धुतला आणि निघाले बाजेकडं. चांगदेवानं पाहिलं. पोट भरलंय आणि माणूस आडवा व्हायला निघालाय! त्यानं झेप घेतली आणि तात्यांना छातीशी धरलं. तात्यांचं वजन नव्वद किलो. पण जावयाची हौस दांडगी.

"अहो, सोडा! काय चाललंय?"

"ढेकर द्या मामा, लगेच सोडतो."

"ढेकर काय मागून येतो का?"

"येईल, येईल. घाई नाही," म्हणत चांगदेव पाठीवर हात फिरवत राहिला. शेजारीपाजारी दारात गोळा झाले. पाव तासानं तात्यांना असा ढेकर आला, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. चांगदेवानं कौतुकानं त्यांचं तोंड पुसलं. "शहाणं गं माझं बाळ ते!"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो जावईबापू, मोठ्या माणसाच्या अंगाला असं झोंबतात का? मोठ्यांचा मान ठेवायचा. जेवताना आग्रह करायचा. 'नको' म्हणाले तरी वाढायचं. 'नको' हे वरवरचं असतं."

"एवढंच ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखा वाटीत दूध काढून ठेवून अंघोळीला गेली. चांगदेव चमच्यानं पाजायला बसला. पाच-सहा चमचे झाले आणि बाळानं ओठ मिटले.

"लाजतोस होय?" चांगदेव म्हणाला. "असं कसं? एक आजोबांच्या नावानं!"

बाळानं मान फिरवली.

"आता एक आजीच्या नावानं! माझ्या गळ्याची शपथ आहे तुला!"

पणजोबांपर्यंत गेल्यावर वाटी संपली. बाळानं बापाचा मान ठेवला. मग सगळ्या नातेवाइकांचं सगळं दूध दुसऱ्या सदऱ्यावर परत केलं आणि खुदकन हसलं.

सुरेखा ओल्या केसांनी बाहेर आली. "अहो, आग्रह कसला करता त्याला? थोडं थोडंच द्यायचं. तोंड फिरवलं की पोट भरलं म्हणायचं आणि तिथंच थांबायचं. पुन्हा दोन तासांनी थोडं." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. "मला घरी यायचंय हो. जरा नीट वागा ना."

चांगदेवाला फार वाईट वाटलं. "आता बघच," तो म्हणाला. आणि खरंच, त्या दिवसापासून बाळ त्याच्या हातात थेंबभरही दूध टाकेना. थोडं थोडं पाजत होता, उभं धरत होता, ढेकराची वाट बघत होता. तात्या चोरून बघत होते आणि मनातून खूश होते.

रविवारी बारसं झालं. साठ पानांची पंगत बसली. "मी वाढतो!" चांगदेव म्हणाला. त्याला अडवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्याला कोण काय करणार?

त्यानं प्रत्येकाला चमचाभर भात आणि अर्धी पुरी वाढली. सुरेखाचे चुलते शेजाऱ्याशी बोलायला वळले. ताट गायब. एक आत्याबाई शिंकायला वळल्या. ताट गायब. सरपंचांनी माशी हाकलायला मान फिरवली.

"अहो, मी अजून वरणसुद्धा कालवलं नाही!" सरपंच ओरडले.

"तोंड फिरवलंत की तुम्ही! भरलं पोट. आता दोन तासांनी या, थोडं देतो."

दहा मिनिटांत पंगत उठली. गावात इतकी झटपट पंगत कधी उठली नव्हती. सरपंच उपाशीपोटी जे काही बोलले, तेही समोर पोरंबाळं आहेत म्हणून राहू द्या.

तात्या धावत आले. "जावईबापू, जेवत्या माणसाला ताटावरून कधी उठवायचं नाही! त्याचं जेवण होईपर्यंत त्याच्या वाटेलाही जायचं नाही. जगबुडी आली तरी!"

"जगबुडी आली तरी," चांगदेव म्हणाला. "एवढंच ना, मामा?"

तात्यांनी शब्द पाळला. पोरगं तर जावयाच्या हातात दूध टाकत नव्हतं. शिवाय जावई आणखी दोन दिवस राहिला तर आपल्यालाच गाव सोडावं लागेल, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

सोमवारी सकाळी गावोगावची माणसं भरून नेणारी वडापची जीप दारात आली. बाळाचं पिऊन झालं होतं, ढेकर झाला होता, अर्धा तासही होऊन गेला होता. तात्या मागच्या खोलीत लेकीची पेटी बांधत होते. सासूबाईंनी सुरेखाला दहीभात वाढला. लेक उपाशी जायला नको.

"चला की पाव्हणं!" ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. "माणसं खोळंबल्यात!"

बाळाला छातीशी धरून चांगदेव स्वयंपाकघराच्या दारात आला. सुरेखानं पहिला घास तोंडात घातला होता. तो चटकन मागं सरला. पाय न वाजवता बाहेर आला आणि जीपमध्ये जाऊन बसला. "चला," तो म्हणाला.

तासाभराचा रस्ता. सगळा वेळ त्यानं बाळाला ताठ उभं धरलं होतं. प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला दम दिला. सदरा कोरडा ठणठणीत.

आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. तिनं तो ओवाळून टाकला, नातवाचा मुका घेतला आणि चांगदेवाच्या मागं बघितलं. "चांग्या, सून कुठाय?"

"जेवतेय."

"कुठं?"

"माहेरी. पण सदरा बघ आई! थेंब नाही!"

बाळानं मूठ तोंडात घातली, चोखून बघितली आणि भोकाड पसरलं. आई ओरडली, "अरे, भूक लागली त्याला! आता त्याला मी काय पाजू?"

तेवढ्यात धुरळा उडवत तात्यांची मोटारसायकल आली. मागं सुरेखा, हाताला दहीभात तसाच. तिनं डाव्या हातानं नवऱ्याकडून बाळ ओढून घेतलं, आत गेली आणि धाडकन दार लावलं. आतलं रडणं थांबलं.

तात्या चांगदेवापुढं येऊन उभे राहिले. त्यांनी रागानं बाह्या सरसावल्या. चांगदेवानं मान हलवली, अगदी वाईट वाटून.

"मामा, मला एवढं बजावून सांगितलंत," तो म्हणाला, "आणि स्वतः जेवत्या माणसाला ताटावरून उठवून आणलंत?"