दोरीला हात लावील त्याचा वाटा

फार पूर्वी समुद्राकाठच्या एका गावात एक नाखवा राहत होता. होडी त्याची आणि रापणीचं लांबलचक जाळंही त्याचंच. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढायच्या, अशी ती मासेमारी.

गावात एक छान रीत होती. दोरीला जो हात लावील, त्याला माशांचा वाटा. मग तो तगडा गडी असो, लंगडा म्हातारा असो, नाहीतर वाटेने चाललेला कासार. एक निराधार म्हातारीही रोज येऊन दोरी धरायची. खरं सांगायचं तर तिच्या ओढण्याने जाळं तसूभरही हलत नसे. पण तिला वाटा मिळे आणि तिची चूल पेटे. नाखव्याचा वाटा सगळ्यांत मोठा, त्याबद्दल कुणाची कुरकुर नव्हती.

एकदा नाखव्याकडे त्याचा मेहुणा आला. शहरातला व्यापारी, चार बुकं शिकलेला. वाटप बघून तो हसला.

"भाओजी, हा दानधर्म कशाला? मोजके गडी मजुरीवर ठेवा. जाळं तुमचं, तर मासेही तुमचेच."

"आणि गावान काय खावचां?"

"तुमचं ताट भरू द्या. भरलं की सांडेलच, ते गाव खाईल."

नाखव्याला ते पटलं. त्याने परगावचे तगडे गडी आणले. म्हातारी नेहमीसारखी दोरीकडे आली, तेव्हा तो म्हणाला, "आजये, तू आता घराक जा." ती परत फिरली.

नाखव्याचं ताट भरलं, यात शंका नाही. पण ताट भरत आलं की आणखी मोठं ताट आणायची माणसाला खोडच असते. त्यामुळे सांडायची वेळ काही आली नाही. नाखव्याच्या घरावर मजला चढला आणि म्हातारी शेजाऱ्यांच्या पेजेवर दिवस काढू लागली.

एके सकाळी बांगड्यांचा एवढा मोठा थवा जाळ्यात शिरला की पाणी काळं दिसू लागलं. नाखवा हरखला. पण जाळं जागचं हलेना. त्यात ओहोटी लागली आणि सगळा भार समुद्राकडे खेचू लागला. गड्यांचे तळहात सोलवटले. एकाने दोरी सोडली, मग दुसऱ्याने. त्यांचंही चुकलं नव्हतं. मजुरी दोरी ओढायची ठरली होती, जीव घालवायची नव्हे.

जाळं गेलं असतं तर नाखवा रस्त्यावर आला असता. कमरेइतक्या पाण्यात तो दोरीला लोंबकळत होता. गाव वाळूवर उभं राहून बघत होतं, पण हाक मारायला त्याला तोंड राहिलं नव्हतं.

तेवढ्यात म्हातारी पुढे झाली आणि तिने दोरी धरली. ती पुढे झाल्यावर मागे कोण राहणार? म्हातारे, बाया, पोरं, सगळं गाव दोरीला भिडलं. ऊन डोक्यावर येईपर्यंत सगळे ओढत राहिले आणि अखेर जाळं काठाला लागलं.

नाखवा धापा टाकत म्हातारीजवळ आला. "आजये, मी तुझो वाटो तोडलंय. तरी तू इलंस?"

"माझ्या घोवान वळलली दोरी ही. दर्यात जाताना माका बघवली नाय," म्हातारी म्हणाली. दोरीवरून हात फिरवत ती पुढे म्हणाली, "आणि तुझां जाळां विणूक आख्खो गाव बसललो. तेव्हा तू पाळण्यात होतस."

नाखव्याचे डोळे भरून आले. इतकी वर्षं तो 'माझं जाळं' म्हणत आला होता. त्याच्या प्रत्येक गाठीत कुणाचे तरी हात होते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या दिवशी त्याने वाटे घालायला म्हातारीला बसवलं आणि स्वतः सगळ्यांच्या मागे, रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने ओंजळ पुढे केली. आजवर वाटप त्यानेच केलं होतं, दुसऱ्याच्या हातून वाटा घेतला कधीच नव्हता. म्हातारीने त्याच्या ओंजळीत बांगडे घातले, आणि गावाचे आपल्यावर किती उपकार आहेत, हे त्याला पहिल्यांदा हातात वजन घेऊन कळलं.

तात्पर्य: निव्वळ एकट्याची अशी कमाई जगात नसते. आपली दोरी कुणाकुणाच्या हातांनी वळली ते आठवावं आणि वाटा देताना हात आखडू नये.