बुजवलेले झरोके

या माळावर पहिला नांगर फिरला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. वारुळाच्या झरोक्यांतून मुंग्या आत शिरतात, म्हणून वाळवीच्या राणीने सगळे झरोके बुजवण्याचा हुकूम काढला. ते काम करडी नावाच्या वृद्ध कामकरणीकडे आले. निम्मे झरोके बुजवून ती दरबारात आली.

"राणीसाहेब, हवा कोंडल्यामुळे तळघरातली पिल्ले गुदमरू लागली आहेत. हा हुकूम चुकला आहे."

सैन्याचा सरदार खवळला. "मुंग्यांचा एवढा पुळका असेल, तर त्यांच्याच बिळात जाऊन राहा."

"आमची पिल्ले मरायला टेकली आहेत, हे त्यांना सांगितले असते, तर त्यांनी मला साखर भरवली असती," करडी शांतपणे म्हणाली. "म्हणून तर मी ते तुम्हाला सांगायला आले."

राणीने सरदाराकडे पाहिले. "तू कधी तळघरात उतरला होतास का?"

"नाही, राणीसाहेब. हुकूम आपला होता. पाहण्याची गरज भासली नाही."



"करडी, झरोके मोकळे कर," राणी म्हणाली. "आणि सरदार, मुंग्या तिथूनच येतील. तुझ्या जबड्याचे काम तिथे आहे, इथे नाही."