अडकित्त्याची धार

जेवणं झाली की आमच्या आजोबांचा अडकित्ता कट् कट् बोलायला लागायचा. कधी मोराच्या आकाराचा, कधी घोड्याच्या. हौसेनं जमवलेले असे पेटीभर पितळी अडकित्ते मागे ठेवून ते गेले. काका म्हणाले, "किंमत येत नसेल तर मोडीत घालू."

सगुणाआत्याला ते लागलं. आपल्या वडिलांची पेटी उचलून ती तडक साताऱ्याच्या मानकाम्यांकडे गेली, सोबत मी. जुन्या वस्तूंचे हे बडे जाणकार. त्यांनी मोर उघडून पाहिला आणि नाक मुरडलं.

"धार पार गेलीय, बाई. सगळे मोडीच्या भावानं घेतो."

"नक्की गेलीय?"

"मला शिकवता? नुसत्या नजरेनं ओळखतो मी."

आत्यानं तो मोर त्यांच्यापुढे उघडा धरला. "मग घाला बोट. मी दाबते."

मानकाम्यांचा हात झटकन मागे गेला. आत्यानं कनवटीची सुपारी काढून मोराच्या चोचीत धरली. कट्! क्षणभर दुकानात आजोबाच येऊन बसल्यासारखं वाटलं.

"तुमच्या बोटाला किंमत कळली," आत्या म्हणाली, "आता तोंडानं सांगा."