गेनबाच्या पुढच्या चाकाची खर्रखर्र

एका गावात एक भोळा जावई हुता. नाव गेनबा. सरका पुढं. ही गोष्ट शेवटाला कुठं जाऊन आदळती ते तुमच्यातल्या कुनी वळखलं, तर मी मिशी काढतो. तुमी म्हनाल, त्यानं चाकच काढलं आसंल. न्हाई. गाडी हिरीत घातली आसंल. ते बी न्हाई. करा इचार.

तर गेनबाकडं एक मोटरसायकल हुती. त्याची न्हवं, सासऱ्याची. सासरा देवाघरी गेला, सासूनं गाडी थोरल्या जावयाला दिली. थोरला म्हंजे हाच. देताना सासूनं पायातली जुनी चप्पल काढली, सुतळीत ओवली आन् पुढच्या चाकाच्या वर बांधली.

"जावईबापू, गाडीवर लोकांची नजर लई वाईट. ही चप्पल हाय तवर काय हुनार न्हाई. काय बी झालं तरी हिला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत, मामी."

म्हैना गेला. सुतळी ढिली पडली. चप्पल खाली लोंबली आन् चाकाला घासाया लागली. खर्र खर्र. हे मी आधीच सांगून टाकतो, उगं डोकं खाजवत बसू नका. गेनबाला बी चप्पल दिसत हुती. पन हात लावायचा न्हाई म्हंजे तिच्याकडं बघायचं बी न्हाई, असं त्यानं धरलं.

खर्रखर्र सासूच्या कानावर गेली. सांगावा आला, "रविवारी म्हसोबाच्या जत्रंला मला गाडीवरनं न्या. पन जत्रंत शिरताना गाडी कुरकुरली, तर तिथंच धाकट्या जावयाला देऊन टाकीन."

धाकटा जावई दिगंबर. तो वाटच बघत हुता. किल्लीला लावायला गोंडा बी आनून ठेवला हुता त्यानं.

गेनबाची बायकू चांगुना म्हनली, "अवो, मेस्त्रीला इचारा. आन् आवाज करत गाडी गावातनं नेऊ नका, लोक हसत्यात."

गेनबानं गाडी नेली न्हाई. एकटाच चालत गेला.

मुबारक मेस्त्री म्हनला, "गाडी कुठाय?"

"घरी. ती आवाज करती."

"बरं. मग घरी जाऊन पुढचं चाक उचल. हातानं फिरव. आन् आवाज येतो तिथं कान लाव."

गेनबा घरी आला. गाडीखाली उखळ दिलं, चाक उचललं, गरागरा फिरवलं आन् कान लावला. चाकानं कानाची साल काढली.

कानाला हळद फासून परत मेस्त्रीकडं.

"मेस्त्री, आवाज घावला."

"कुठाय?"

"माझ्या कानात."

मेस्त्रीनं पाना खाली ठेवला. "आरं येड्या, चालू असताना कान लावतोस? आधी थांबवायचं, मग ऐकायचं. ध्येनात ठेव."

ठेवलं ध्येनात. गेनबानं चाक थांबवलं आन् कान लावून बसला. दुपार टळली. चाक गप. गेनबा खूश. तेवढ्यात चांगुना आली. "अवो, म्हस पान्यावाचून वरडती, जळान फोडायचं ऱ्हायलंय, आन् तुमी सकाळधरनं चाकाला बिलगून..."

"आधी थांब. मग ऐकतो."

ती थांबली. गेनबा उठला, तिच्या तोंडाशी कान नेला, लई वेळ ऐकलं. म्हनला, "काय बी न्हाई की. बरी हायस तू."

चांगुनाला हसावं का रडावं कळंना. "अवो, चालू असतानाच ऐकायचं असतं. आन् घासतंय तिथं तेल सोडायचं. दूधपितं प्वार बी सांगंल." एवढं बोलून ती रागारागानं भांडी घासाया बसली. राख घेतली, कढई घेतली. खर्र खर्र.

गेनबानं ऐकलं. चालू हुतं तवाच ऐकलं. आन् तेलाची बुधली आनून कढईत सोडली.

त्यापुढं काय झालं ते मी सांगत न्हाई, बायामानसं बसल्यात.

उरलेलं तेल त्यानं पुढच्या चाकात वतलं. तारात, बेरिंगात, ब्रेकात. चप्पल तेवढी कोरडी ठेवली. बघायला गाडी काढली. खर्र खर्र तशीच. उलट ब्रेक तेवढा गेला. म्होरं यसूआक्काच्या कुरडया वाळत पडल्या हुत्या. गाडी कुरडयातनं गेली, बाजंखालनं निघाली आन् शेनाच्या ढिगात जाऊन थांबली.

यसूआक्का म्हनली, "मुडद्या, थांबता येत न्हाई व्हय?"

"येतंय की आक्का. थांबलो न्हवं?"

शेनानं माखलेला गेनबा परत मेस्त्रीकडं गेला, तवा मेस्त्रीला त्याची दया आली. तो सवता आला असता, पन गिऱ्हाईक हुतं. म्हनला, "ब्रेकचं तेल पूस. आन् चाकाला काय लागत आसंल तर चाकापासनं लांब कर. त्याच्यापुढं मला काय येत न्हाई."

गेनबानं ब्रेक पुसला. चाकाला लागत हुती ती चप्पल. चपलीला हात लावायचा न्हवता. म्हनून त्यानं चाकाला बी हात लावला न्हाई.

उजाडला रविवार. चांगुना म्हनली, "गाडी गेली तर मला बाजारला पायी जावं लागंल, एवढं ध्येनात ठेवा." सासू नवं लुगडं नेसून गाडीवर बसली. वेस वलांडली न्हाई तवर खर्र खर्र.

"जावईबापू, काय हे?"

"तुमची चप्पल, मामी. चाकाला घासती."

"मग काढा की."

"तुमीच म्हनला हुता, हात लावू नका."

सासूनं कपाळ बडवलं. "आता मीच म्हनते, लावा हात. पन टाकू नका, नजर लागंल. चाकापासनं लांब बांधा. आन् चारचौघांना दिसंल अशी बांधा. दिसलीच न्हाई तर नजर अडंल कशी?"

एवढं सांगून ती बाभळीखाली टेकली आन् तिला डुलकी लागली.

गेनबानं चप्पल सोडली. आता बांधायची कुठं? हँडलला बांधावी, तर खाली पुढचं चाक. मागं बांधावी, तर मागचं चाक. शिटाला बांधावी, तर मामीचं लुगडं झाकनार. लई हिंडला बिचारा गाडीभवती. मग त्याची नजर मामीवर गेली. गाडीवर बसल्यावर सगळ्यात उंच कोन? मामी. चाकापासनं सगळ्यात लांब काय? मामीची मान. आन् मागनं येनाऱ्याला ती दिसती बी झकास.

सासूच्या गळ्यात आधीच तुळशीची माळ हुती, देवाचा ताईत हुता. त्यात एक सुतळी वाढली तर कुनाला कळतंय? माळ पुढं, चप्पल मागं पाठीवर. गेनबानं गाठ दोनदा बघितली. मग मामीला हाक मारली.

गाडी निघाली. आवाज न्हाई. लोण्यातनं सुरी जावी तशी चालली. वाटंला लोक थांबत्यात, बघत्यात, एकमेकाला कोपर मारत्यात.

सासू म्हनली, "बघितलं जावईबापू? नजर म्हनत्यात ती ही. बरं झालं चप्पल बांधली."

"व्हय मामी."

देवळाम्होरं दिगंबर कान टवकारून उभा. गाडी आली. ना खर्र ना खुर्र. त्याचं तोंड एवढंसं झालं. सासू उतरली, देवाकडं वळली आन् हात जोडून वाकली. पाठ झाली दिगंबरकडं.

दिगंबर आधी खोकला. मग पोट धरलं. मग रस्त्यातच बसला.

सासू वळली. "काय झालं?"

त्याला बोलता येईना. त्यानं आपल्या मानंमागं हात नेऊन दावला. सासूनं मानंमागं चाचपलं. हाताला चप्पल लागली. सवताची. तिनं इचार केला. वाकले तवा पाठीमागं कोन हुतं? एकटा दिगंबर, डोळ्यातनं पानी यीस्तवर हसतोय.

"जावईबापू," सासू मानानंच बोलली, जावई तो जावई, "सासूच्या गळ्यात चप्पल घालता व्हय?"

"मामी, मी न्हाई, हा गेन... गेन..." पुढं हसूच.

सासूनं सुतळी तोडली आन् त्याच्या गालावर चप्पल वाजवली. फाट्.

गेनबा पुढच्या चाकाशी उकिडवा बसला हुता. त्यानं मान वर केली. "मामी, हा आवाज चाकाचा न्हाई."

त्याला दुसरं काय कुनी इचारलंच न्हाई, आन् इचारल्याबिगर सांगायची त्याची रीत न्हवती. सासू त्याच्या गाडीवर बसून घरी आली आन् चारचौघात म्हनली, आजपासनं गाडी गेनबाची. दिगंबर गाल चोळत पायी गेला. हसू तर काय, त्या दिशी सगळ्या जत्रंनं फुकट नेलं. एकट्या दिगंबराला तेवढं मोटरसायकलीच्या भावात पडलं.