चिटणीस म्हणाले की...

मुलींना काय येतं हे न विचारताच, त्यांना काय येणार नाही हे सांगणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. धडगावकडच्या एका शाळेचे चिटणीस दौलतराव त्यांतलेच. बागूल मॅडम शाळा सुटल्यावर पाड्यावरच्या मुलींना इंग्रजी शिकवत. तो वर्ग बंद करायलाच ते आले होते.

"मॅडम, कशाला घसा कोरडा करता?" ते मुलींसमोरच म्हणाले. "या पोरी इंग्रजी कधीच शिकू शकणार नाहीत."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या दिवशी डायरेक्ट स्पीचचं इनडायरेक्ट करायला शिकवणं चाललं होतं. नववीतली जयवंती वसावे ताडकन उठली.

"साहेब, एक वाक्य करून दाखवू? चुकलं तर खुशाल वर्ग बंद करा."

"कर की! तुला आवडेल ते कर," दौलतराव हसले.

जयवंतीने फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "द सेक्रेटरी सेड दॅट वी कुड नेव्हर लर्न इंग्लिश."

"हे तर माझंच बोलणं!"

"हो साहेब. आता तपासा. वाक्य चुकलं असेल तर चूक दाखवा. बरोबर असेल, तर तुमचं बोलणं चुकलं."

दौलतराव इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले. त्यांनी वाक्य दोनदा वाचलं. चूक सापडेना.

"बरं, चालू द्या वर्ग," ते पुटपुटले आणि वळले.

जयवंतीच्या हातात खडू होताच. "थांबा साहेब, हेही लिहून घेते."