कावळ्याचं पान

बायको गेल्यावर वकील तात्यासाहेब कर्णिकांनी सिंकखाली खरकटं दळणारं मशीन बसवलं आणि सुनेला फर्मावलं, "खिडकीत कावळ्यांना पोळी घालणं आता बंद. उरलंसुरलं मशीनमध्ये!"

शर्वरीनं उरलेली पोळी मशीनमध्ये टाकली. सासूबाईंनी कावळ्यांची पोळी एक दिवसही चुकवली नव्हती.

वर्षश्राद्ध आलं. खिडकीत कावळ्याचं पान वाढलं. पाहुणे ताटकळले, पण एकही कावळा फिरकेना.

तात्यासाहेबांचा पारा चढला. "आता हिची कसली इच्छा राहिलीय?"

"आईंची नाही, तात्या," शर्वरी हळूच म्हणाली. "कावळ्यांना आपणच तोडलंय. तुमचं पान खिडकीत ठेवायचं की सिंकमध्ये, तेवढं सांगून ठेवा."

दुसऱ्या सकाळी तात्यासाहेब खिडकीत उभे राहून पोळी कुसकरत होते.